मागचं पुसू नका

तुम्ही तीन गोष्टी एकत्र विचारल्या आहेत, त्या आधी सुट्या करून घेते. तुमची आई जाऊन नऊ वर्षं झाली. तिचा एक जुना रंगीत फोटो हातात आला की अर्धा तास काही सुचत नाही, पण फोनमधले तिचे शेकडो फोटो सरसर सरकवले तरी आत काही हलत नाही. असं का? दुसरं, लहानपणीचं जे आठवतं ते खरंच आठवतं, की फोटो बघून बघून आठवल्यासारखं वाटतं? आणि तिसरं, तो फोटो आता लालसर पडत चाललाय, आईच्या मागे सगळा पसारा दिसतो, तर पसारा काढून, एआयकडून चेहरा स्वच्छ करून घ्यावा का?

तिसऱ्याचं उत्तर आधी देते, कारण पहिल्याचं उत्तर त्याच्याच पोटात आहे. पसारा काढू नका. भिंतीवर लावायला वेगळी प्रत करायची तर करा, पण मूळ स्कॅनमधला पसारा तसाच राहू द्या.

मी तेवीस वर्षं जुने फोटो दुरुस्त करते. सुरुवात डार्करूममध्ये झाली, बारीक ब्रशने प्रिंटवरचे पांढरे ठिपके भरत. आता बहुतेक काम पडद्यावर चालतं. काही वर्षांपूर्वी साठीतले एक गृहस्थ पोस्टकार्ड आकाराची कृष्णधवल प्रिंट घेऊन आले. आई दारात उभी, हाताची घडी, कॅमेऱ्याकडे बघतेय. मागणी सरळ होती: मागचं सगळं उडवा, नुसती आई ठेवा, मागे एकसारखा राखाडी रंग भरा. मी १२०० डीपीआयला, म्हणजे इंचाला १२०० ठिपके इतका बारीक, स्कॅन केला आणि ओरखडे तपासायला फोटो मोठा करून एकेका कोपऱ्यातून सरकत होते. ते शेजारी खुर्चीत. आईच्या कोपरामागे दार अर्धवट उघडं होतं आणि उंबऱ्यापाशी एक चप्पल पडलेली. एकच. तिचा अंगठा तारेने बांधलेला.

"थांबा," ते म्हणाले. मग बराच वेळ काहीच नाही. आणि मग एकदम बोलत सुटले. ती वडिलांची चप्पल. तार त्यांनी स्वतः पक्कडीने पिळलेली, तिचं टोक तळाखाली आलेलं, त्यामुळे चालताना फरशीवर किर्र आवाज व्हायचा. तो आवाज जिन्यात आला की हे हातातलं खेळणं टाकून पुस्तक उघडून बसायचे. कुठलं पुस्तक, कुठल्या कोपऱ्यात, दिवा कुठे होता, सगळं ओळीने येत गेलं. हा फोटो त्यांनी चाळीस वर्षं पाहिला होता. चप्पल कधीच पाहिली नव्हती, कारण मूळ प्रिंटमध्ये ती आगकाडीच्या गुलाएवढी होती आणि डोळे कायम आईच्या चेहऱ्यावर.

असं इतक्यांदा घडलंय की आता मी त्याची वाटच बघते. चेहऱ्यापाशी माणसं गप्प होतात, नाहीतर ठरलेलं एक वाक्य म्हणतात: "फार सोसलं तिने." खरी गोष्ट सुरू होते ती कपाटाच्या तुटक्या मुठीपासून, खिडकीत वाळत घातलेल्या टॉवेलपासून, कुणाच्या तरी अर्ध्याच आलेल्या हातापासून.

यामागे काय होतं ते सांगते. आठवण म्हणजे डोक्यातल्या खणात ठेवलेला कागद नव्हे. फ्रेडरिक बार्टलेट या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने १९३२ मध्येच मांडलं होतं की आठवणं म्हणजे ठेवलेलं काढणं नाही, दर वेळी नव्याने जुळवणं आहे. या जुळवणीला एखादा धागा लागतो, जो ओढला की बाकीचं मागून येतं. कुठला धागा चालतो? १९७३ मध्ये एंडेल टुल्व्हिंग आणि डोनाल्ड थॉमसन यांनी दाखवलं की मूळ प्रसंग मनात नोंदला जात असताना जी खूण त्याच्यासोबत नोंदली गेली, तीच पुढे उपयोगी पडते. मेंदूतला हिप्पोकॅम्पस हा भाग जागा, दृश्य, आवाज असे वेगवेगळे तुकडे एका प्रसंगात बांधतो. पुढे त्यातला एक तुकडा समोर आला की बांधलेले बाकीचे तुकडे जागे होऊ शकतात.

आता आईचा चेहरा घ्या. तो तुम्ही हजारदा, हजार मनःस्थितींत पाहिलाय. त्यामुळे तो कुठल्याच एका दिवसाचा राहत नाही. फ्रेममधला फोटो तर आणखी वापरून गुळगुळीत झालेला असतो. तो पाहिल्यावर आई आठवण्याऐवजी तो फोटो याआधी पाहिल्याचंच आठवतं. तारेची चप्पल मात्र त्या घरात, त्या दोन-तीन वर्षांतच होती, आणि नंतर कुणी तिच्याकडे पाहिलंच नाही. धागा कोरा राहिला.

एक गंमत अशी की ती चप्पल त्या गृहस्थांना "आठवा बरं" म्हणून कधीच आठवली नसती. आठवणं आणि ओळखणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि दुसऱ्यात माणूस अफाट हुशार असतो. लायनेल स्टँडिंग यांच्या १९७३ च्या प्रयोगात लोकांना १०,००० चित्रं एकेकदाच दाखवली. नंतर एक पाहिलेलं आणि एक नवं असं जोडीने समोर ठेवलं तर सुमारे ८३ टक्के वेळा त्यांनी पाहिलेलं बरोबर ओळखलं. फोटो आपल्याकडून हे सोपं काम करून घेतो आणि अवघड काम त्याच्या मागोमाग फुकटात होऊन जातं.

तुम्हाला सुचेनासं होतं त्या अवस्थेबद्दल थोडं. नॉस्टॅल्जिया हा शब्द योहानेस होफर या वैद्यकीच्या विद्यार्थ्याने १६८८ मध्ये बासेलला प्रबंधात घडवला. ग्रीकमध्ये नोस्टोस म्हणजे घरी परतणं, आल्गोस म्हणजे वेदना. त्याच्या लेखी तो चक्क आजार होता, घरापासून लांब पडलेल्या स्विस लोकांना होणारा. मराठीत आपण स्मरणरंजन म्हणतो, त्यात वेदना गळून गेली आणि रंजन उरलं. गतकातरता म्हणतो, तिथे उलट नुसती कातरता. मला विचाराल तर जे होतं त्याला हुरहूर हा साधा शब्द पुरतो, गोड आणि टोचणारं दोन्ही त्यात आहे. आजच्या अभ्यासकांचं, विशेषतः इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टन विद्यापीठातल्या गटाचं म्हणणं होफरच्या उलट आहे: एकटेपणा वाटतो तेव्हा ही हुरहूर जास्त दाटून येते, आणि ती येऊन गेल्यावर माणसाला आपली माणसं जवळ असल्यासारखं वाटतं. म्हणजे हा आजार कमी आणि घरगुती औषध जास्त. तेव्हा त्या अर्ध्या तासाची काळजी करू नका. फोटो पाहून दर वेळी उन्मळून पडायला होत असेल, झोप उडत असेल, तर तो पाकिटात घालून ठेवावा. रोज पाहिलाच पाहिजे असा काही नेम नाही.

आता फोन. लोक लगेच म्हणतात, "कागदाची सर मोबाईलला नाही." मी स्वतः कागदावर पोट भरते, तरी हे मला अर्धवटच पटतं. कागद ही त्या काळातली वस्तू आहे हे खरं. तुमच्या हातातली प्रिंट आईच्याही हातात होती, तिच्या कोपऱ्यावरची घडी कुणीतरी घातलेली आहे. शिवाय ३५ मिलिमीटरच्या रोलमध्ये ३६ फोटो, ते धुऊन येईपर्यंत वाट पाहणं, आलेल्यांतले काही हललेले. १८८८ मध्ये कोडॅकचा पहिला कॅमेरा आला तेव्हा तर १०० फोटो झाले की अख्खा कॅमेराच कारखान्यात पाठवायचा असे. तोवर काय काढलं होतं हे निम्मं विसरलेलं असायचं, त्यामुळे फोटो हातात येणं हीच पहिली आठवण असायची. आता फोटो काढणं आणि पाहणं यात एक सेकंद जातो. विसरायलाच वेळ मिळत नाही, मग आठवणार काय?

लक्षाचाही भाग आहे. लिंडा हेंकेल यांनी २०१४ मध्ये एका संग्रहालयात केलेल्या अभ्यासात असं दिसलं की ज्या वस्तूंचा अख्खा फोटो काढला, त्या वस्तू नुसत्या पाहिलेल्या वस्तूंपेक्षा लोकांच्या कमी लक्षात राहिल्या. कॅमेऱ्यावर सोपवलं आणि मन मोकळं झालं. पण त्याच अभ्यासात, वस्तूचा एखादा भाग झूम करून टिपला तेव्हा हा तोटा झाला नाही. म्हणजे दोष यंत्राचा नव्हे, न बघता बटण दाबण्याचा.

माझी खरी तक्रार वेगळीच आहे, आणि तिच्याबद्दल कुणी फारसं बोलत नाही: पोर्ट्रेट मोड. जुन्या स्वस्त कॅमेऱ्यांना फोकस करायची सोयच नसे. भिंगाचं छिद्र लहान ठेवलेलं, त्यामुळे दोन-तीन मीटरपासून पार लांबपर्यंत सगळं बऱ्यापैकी स्पष्ट यायचं. माणसाबरोबर मागची खुंटी, घड्याळ, दोरी, सगळं फुकट आलं. आजचा फोन चेहरा ओळखतो आणि मागचं मऊ धूसर करून टाकतो. सुंदर दिसतं, वादच नाही. पण तीस वर्षांनी जो धागा ओढायचा, तो आपण फोटो काढतानाच पुसून मोकळे होतो. घरातल्या माणसांचे फोटो काढताना तो मोड बंद ठेवा, आणि वर्षातून एकदा कुणीही माणूस नसताना प्रत्येक खोलीचा, उघड्या कपाटाचा, टेबलाच्या खणाचा एकेक फोटो काढा. आज तो वेडेपणा वाटेल.

आणि फोनमधले फोटो अजून मुरलेले नाहीत, हेही लक्षात घ्या. चाळिशी ओलांडलेल्या लोकांना आयुष्यातल्या आठवणी मोकळेपणी सांगायला लावल्या तर, अगदी अलीकडच्या सोडून, साधारण १० ते ३० या वयातल्या सगळ्यात दाट येतात, असं वेगवेगळ्या अभ्यासांत वारंवार दिसलंय. तुमचा जुना फोटो बहुधा त्या पट्ट्यात बसतो. आईच्या शेवटच्या वर्षांतले, फोनवरचे फोटो तुमच्या मधल्या वयातले आहेत, आणि त्यातल्या पुष्कळांमध्ये ती आजारी असेल. त्यांना वेळ द्या.

लालसरपणाबद्दल. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या रंगीत प्रिंटमध्ये तीन रंगद्रव्यांचे थर असतात: निळसर सायन, किरमिजी मॅजेंटा आणि पिवळा. अल्बमच्या अंधारात राहिलेल्या त्या काळच्या बऱ्याच प्रिंटमध्ये सायन आधी मरतो, म्हणून उरतो तो लालसर-नारिंगी फोटो. तो रंग काळाचा नाही, रसायनाचा आहे. तुमच्या लहानपणी आभाळ निळंच होतं. तरी आता "जुनं" म्हटलं की डोळ्यांपुढे तोच विटका केशरी उजेड येतो. २०१० मध्ये इन्स्टाग्राम आलं तेव्हा त्याचे फिल्टर हाच बिघाड ताज्या फोटोंवर चढवत होते. सेपियाचं तर याहून मजेशीर. प्रिंटमधल्या चांदीचं सिल्व्हर सल्फाइड केलं की ती जास्त टिकते, आणि रंग तपकिरी होतो. टिकावा म्हणून केलेला उपाय आज जुनाटपणाची खूण झालाय. स्कॅनमधला लालसरपणा काढणं हे प्रामाणिक काम आहे, बिनधास्त करा, कारण तिथे उरलेल्या थरांवरून मूळ रंगाच्या जवळ जाता येतं.

कृष्णधवल फोटो रंगवणं मात्र अंदाजाचा खेळ. जुन्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला लाल प्रकाश जवळजवळ दिसतच नसे, त्यामुळे भडक लाल कपडा फोटोत काळपट येतो. यंत्र तो पाहून गडद निळा ठरवील आणि तुम्ही महिन्याभरात शपथेवर सांगाल की कपडा निळाच होता. चेहऱ्याचं याहून वाईट. मूळ फोटोत डोळ्याच्या जागी चार-पाच करडे ठिपके असतील तर एआय त्यातून डोळा "काढत" नाही, लाखो इतर चेहऱ्यांवरून एक डोळा रचतो. पापण्या सुरेख, बुबुळात चमक, आणि तो डोळा तुमच्या आईचा नाही. माझ्याकडे अशी एक बाई आल्या होत्या. सुधारलेला फोटो सहा महिने भिंतीवर होता, आणि आता मूळ प्रिंट पाहून त्या म्हणत होत्या, "ही काही बरोबर वाटत नाही."

हे म्हणजे तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचंच दार. त्यासाठी आधी माझीच फजिती ऐका. माझी सगळ्यात जुनी आठवण तिचाकी सायकलची. मी सायकलवर, डावीकडे जिना, उजवीकडे भिंत, ऊन. ही माझी हक्काची आठवण होती, कुणाला सांगायची म्हणजे मी जिन्याच्या पायऱ्यासुद्धा मोजून सांगायचे. चाळिशीत घरच्या निगेटिव्ह स्कॅन करायला घेतल्या. त्या फोटोची निगेटिव्ह हातात आली आणि जिना उजवीकडे निघाला. निगेटिव्हची चकचकीत बाजू आपल्याकडे धरली की कडेचे आकडे सुलटे वाचता येतात. तशी धरूनही जिना उजवीकडेच. म्हणजे कधीकाळी प्रिंट करणाऱ्याने निगेटिव्ह एनलार्जरमध्ये, म्हणजे तिच्यावरून मोठी प्रिंट काढायच्या यंत्रात, उलटी घातली होती आणि आमच्या अल्बममधला फोटो आरशातल्यासारखा छापला गेला होता. शेजारी उभ्या मामाच्या शर्टाच्या गुंड्यासुद्धा उलट्या बाजूला होत्या, तेही मला इतकी वर्षं दिसलं नव्हतं. माझ्या आठवणीतला जिना डावीकडे आहे. म्हणजे ती आठवण त्या अंगणातली नाहीच, ती त्या प्रिंटची आहे.

अशी फसगत माझी एकटीची नाही. २००२ मध्ये किंबर्ली वेड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २० जणांचे लहानपणीचे खरे फोटो घरच्यांकडून घेतले आणि ते गरम हवेच्या फुग्याच्या चित्रात बेमालूम चिकटवले. फुग्यात यांपैकी कुणीच कधी बसलं नव्हतं. तीन मुलाखतींनंतर २० पैकी १० जणांना त्या सफरीतलं थोडंफार "आठवलं". आणि यासाठी फोटो खोटाच लागतो असंही नाही. दोन वर्षांनी स्टीफन लिंडसे आणि सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांना शाळेतली एक खोडी सांगितली, जी घडलीच नव्हती. काहींना त्याच वर्षीचा वर्गाचा खराखुरा फोटो सोबत दिला. फोटोत खोडीचा मागमूस नव्हता, तरी फोटो मिळालेल्यांना ती खोडी कितीतरी जास्त प्रमाणात आठवली. घरोघरी अल्बम उघडला की हेच चालतं: खरा फोटो, आणि मोठ्यांनी दर वर्षी थोडी रंगवलेली गोष्ट.

मग ओळखायचं कसं? पक्की कसोटी नाही. तीन वर्षांच्या आधीचं काही "आठवत" असेल तर शंका घ्यावी, कारण त्या वयातलं मोठेपणी फारसं कुणाच्या हाती लागत नाही. आठवणीत तुम्ही स्वतःला बाहेरून, कॅमेऱ्याच्या जागेवरून बघत असाल तर फोटोचा संशय वाढतो, पण खऱ्या आठवणीही कधीकधी बाहेरून दिसतात. मी एवढंच विचारते: फोटोत न मावणारं काही त्यात आहे का? आवाज, वास, आधी काय झालं, नंतर कोण ओरडलं. असेल तर ती आठवण फोटोपलीकडची असण्याची शक्यता थोडी जास्त. तेही मन रचू शकतं. मला पायऱ्यांचा आकडा किती छातीठोक आठवत होता! आणि खरं सांगू, ती आठवण प्रिंटची निघाली म्हणून मी ती टाकून दिलेली नाही. फक्त आता ती सांगताना मामाच्या गुंड्यांसकट सांगते.

एक तोटा मात्र टाळता येतो. मायकेल अँडरसन, रॉबर्ट ब्योर्क आणि एलिझाबेथ ब्योर्क यांनी १९९४ मध्ये दाखवलं की एका गटातल्या काहीच गोष्टी पुन्हा पुन्हा आठवल्या तर त्याच गटातल्या बाकीच्या आणखी मागे पडतात. त्यांचा प्रयोग शब्दांवर होता, पण अल्बमलाही तो लागू पडतो असं माझं मत आहे. भिंतीवरचे ठरलेले पाच फोटो बाकीची वर्षं झाकून टाकतात. म्हणून हललेले, डोळे मिटलेले, अल्बममध्ये न लागलेले फोटो आधी काढा. केंब्रिजमधल्या मायक्रोसॉफ्टच्या प्रयोगशाळेत सेन्सकॅम नावाचा गळ्यात अडकवायचा कॅमेरा केला होता, तो आपोआप फोटो काढत राही. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, मेंदूच्या आजाराने स्मृती गेलेल्या एका महिलेला त्यातले फोटो परत परत पाहिल्यावर आपल्या दिवसांतले प्रसंग लिहिलेल्या डायरीपेक्षा पुष्कळ चांगले आठवू लागले. त्या फोटोंत कुणी पोझ दिलेली नव्हती. हात, टेबलाची कड, रस्त्याचा तुकडा, एवढंच.

घरात कुणी वयस्कर असतील, विशेषतः विसरायला लागलेले, तर फोटो पुढे धरून "ओळखा बरं हे कोण?" असं कधीही विचारू नका. ती परीक्षा होते, आणि नापास होण्याची लाज त्यांना कळते. "हे मागे काय टांगलंय?" असं विचारा, किंवा नुसतं "केवढी मोठी खिडकी" म्हणा आणि गप्प बसा. फोनचं रेकॉर्डिंग आधीच चालू असू द्या.

तुमच्या फोटोपुरतं सांगायचं तर तो चिकट पानांच्या अल्बममध्ये असेल तर ओढून काढू नका, पानासकट स्कॅन करा. निदान ६०० डीपीआय, कुठलंही आपोआप सुधारणं बंद ठेवून, टिफ फाइल, म्हणजे जेपीजीसारखी बारकावे न गाळणारी. त्यावर मग एक प्रत लालसरपणा काढून करा. पसाऱ्याच्या भागाची वेगळी, मोठी प्रत काढा आणि भावंडांना पाठवा, काहीही न लिहिता. फोटो सुटा असेल तर मागची बाजूही स्कॅन करा. तिथे आईच्या हातचं काही लिहिलं असेल तर ते आधी, कारण बॉलपेनची शाई फिकी पडते. स्वतः काही लिहायचं असेल तर मऊ पेन्सिलने, कडेला, दाब न देता.